एका विद्यार्थिनीची मदत

“खरं कारण सांगायचं,” हळबे सर म्हणाले. “समाजशास्त्रच का? स्पर्धा परीक्षेला सोपं जातं म्हणून, की दुसरीकडं नंबर लागला नाही म्हणून? लाजू नका.”

एम.ए.च्या प्रवेशाच्या मुलाखती चालल्या होत्या. आम्ही सातजण विभागातल्या लांब बाकावर ओळीनं बसलो होतो. अक्कलकोटकडचा एक मुलगा म्हणाला, “सर, नोट्स मराठीत मिळतात.” कडेवर मूल घेऊन आलेली एक बाई म्हणाली, “प्रॅक्टिकल नसतंय, सर. घरचं बघून जमतंय.” तिसऱ्याला कॉलेजात मास्तर व्हायचं होतं. चौथ्यानं सांगितलं की समाजाचं ऋण फेडायचं आहे, तेव्हा सर इतके मोकळे हसले की तोही हसला.

मग ते माझ्याकडं वळले.

“जमुना येमूल. बी.ए.ला कॉलेजात पहिली. तुला कुठलाही विषय मिळाला असता. इथं का?”

“तुमचं पुस्तक वाचलं, सर.”

“एकदा?”

“पुष्कळदा. पाठ आहे.”

सर खूश झाले. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. “येमूल... या नावाची एक मुलगी होती आमच्याकडं. फार हुशार. तुझी कोण?”

“पूर्व भागात येमूल गल्लोगल्ली आहेत, सर,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि माझ्या नावापुढं खूण केली. पुस्तक पाठ होतं हे खरंच होतं. बाकीचं खोटं. राजमणी येमूल माझी सख्खी बहीण होती, आणि तिच्यासाठी या माणसाला मातीत घालायचं एवढ्यासाठीच मी त्या बाकावर येऊन बसले होते.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारे विणकर. नायना, म्हणजे वडील, यंत्रमागावर, अम्मा विड्या वळायची. अक्काही वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि सुपाच्या कडेला उघडं ठेवलेलं कॉलेजचं पुस्तक. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. एम.ए. झाल्यावर ती हळबे सरांच्या हाताखाली विडी कामगार बायकांवर संशोधन करायला लागली. गल्लीत लोक हसायचे. विड्या वळणारी विडीवर काय शोधणार! पण अक्का दुपारी बायकांच्या उंबऱ्यावर बसायची, त्यांच्याबरोबर विड्या वळत तेलुगूत बोलायची, आणि घरी येऊन ते सगळं मराठीत लिहून काढायची. पाच वह्या झाल्या. पाचवी ती पुन्हा चांगल्या अक्षरात उतरवून काढत होती. पहिल्या चार वह्या आणि पाचवीची नक्कल सरांनी तपासायला मागून घेतली. दोन वर्षं ते म्हणत राहिले, “पाहतो. घाई करू नको.”

मग सरांचं पुस्तक आलं. त्याला बक्षिसं मिळाली. प्रस्तावनेच्या शेवटी एक ओळ होती : ‘माहिती गोळा करण्याच्या कामी एका विद्यार्थिनीची मदत झाली.’

मी तेव्हा बारा वर्षांची होते. अक्कानं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचलं, मिटलं, आणि सूप मांडीवर ओढलं. त्यानंतर ती कॉलेजात गेली नाही. स्थळं आली ती तिनं परतवली. आरडाओरडा नाही, तक्रार नाही, कुणाला पत्र नाही. अम्मा म्हणायची, “पोरगी भ्याली.” मलाही तसंच वाटलं. मला तिचा राग यायचा. तिच्या वाटणीचा राग मीच धरून बसले, आणि तो माझ्याबरोबर वाढला.

घरी उरलेली पाचवी वही अक्काच्या पत्र्याच्या ट्रंकेत होती. “तिला हात लावायचा नाही,” एवढंच तिनं मला बजावलं होतं.

एक गोष्ट मी धरून चालले नव्हते. हळबे सर शिकवायचे फार छान. पहिल्याच आठवड्यात ते आम्हांला वर्गाबाहेर घेऊन गेले, बाजारातल्या एका बोळाच्या तोंडाशी उभं केलं आणि म्हणाले, “अर्धा तास इथं उभे राहा. कुणाच्या दारात लोक चप्पल काढतात, कुणाच्या नाही, तेवढं मोजा.” अर्ध्या तासात त्या बोळाची सगळी उतरंड आमच्या डोळ्यांपुढं उलगडली. मी जन्मभर तसल्याच बोळात राहत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. घरी जाताना मला अम्मानं तोंडावर ओढलेला पदर, कारखान्यात विड्या तपासणाऱ्या चेकरपुढं वाकलेल्या बायका, आमचं ‘होय साहेब’, सगळं नव्यानं कळायला लागलं. द्वेष करायला म्हणून मी त्या वर्गात जायचे आणि वह्या भरून परत यायचे. अक्का या माणसाकडं का ओढली गेली असेल ते मला समजलं, आणि त्यानं माझा राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. एवढं ज्याच्यापाशी आहे त्यानं तिचं कशाला घ्यावं?

एकदा चहा पिताना ते मला म्हणाले, “हा विषय निवडायला आवड पुरते, येमूल. टिकायला राग लागतो. तुझा कुणावर आहे?”

“आहे एकावर.”

“जपून ठेव,” ते म्हणाले. “वाया घालवू नको.”

मी जपून ठेवला. मी त्यांची लाडकी विद्यार्थिनी झाले. त्यांच्या लेखांची मुद्रितं तपासली, त्यांच्या व्याख्यानांना पाणी नेऊन ठेवलं. दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत त्यांच्या निवृत्तीचा सत्कार ठरला आणि विद्यार्थ्यांतर्फे कोण बोलणार हा प्रश्नच आला नाही.

अक्का माल द्यायला कारखान्यात गेलेली असताना मी ट्रंक उघडली. वही आणि पुस्तक शेजारी ठेवून तीन दुपारी बसले. चौदा ठिकाणं सापडली. नुसती माहिती नव्हे, वाक्यंच्या वाक्यं. बायका तेलुगूत बोलल्या होत्या. मराठी अक्काचं होतं. म्हणजे चोरी कुणालाही दिसेल अशी होती.

त्यांतलं एक ठिकाण पुस्तकातलं सगळ्यांत गाजलेलं होतं. सर ते वर्गात स्वतः वाचायचे आणि वाचताना त्यांचा आवाज जड व्हायचा. पुस्तकात त्या बाईचं नाव होतं ताराबाई, गाव बार्शी. वहीत तिचं खरं नाव होतं. बालव्वा दासरी. आमच्या मागच्याच गल्लीतली.

सत्काराला सभागृह भरलं होतं. प्राचार्य, प्रकाशक, दोन वार्ताहर, जुने विद्यार्थी. सरांच्या गळ्यात हार होता. मी पुस्तक डाव्या हातात घेतलं, वही समोर उघडून ठेवली.

“सरांच्या पुस्तकातला एक उतारा वाचते,” मी म्हणाले. वाचला. “आता हा त्याच्या दोन वर्षं आधीचा. माझी बहीण राजमणी येमूल हिच्या वहीतला.” तोही वाचला. शब्दाला शब्द. मग दुसरा. मग तिसरा. पहिल्या उताऱ्याला लोकांना वाटलं काहीतरी गंमत आहे. तिसऱ्याला खुर्च्या वाजायच्या थांबल्या. प्राचार्य माझ्याकडं बघून हातानं ‘पुरे’ अशी खूण करत होते. सर हलले नाहीत. मांडीवरच्या नारळावर हात ठेवून ते नुसते ऐकत होते, जणू मी नेहमीसारखी वर्गात निबंध वाचत होते.

चौथा उतारा ताराबाईचा, असं म्हणून मी वहीचं पान उलटलं तेव्हा मात्र ते उठले.

“जमुना, थांब,” ते म्हणाले. “हे वाचू नको.”

“का सर? तुमच्याच पुस्तकातलं आहे.”

“पुस्तकातलं वाच. वहीतलं नको.”

मागून कुणीतरी हसलं. कुणी ओरडलं, “वाचू द्या तिला!” सरांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो तसा बघायला मी किती वर्षं थांबले होते! त्या क्षणाची चव अजून माझ्या तोंडात आहे, खोटं कशाला बोलू. मी आवाज चढवला.

“बालव्वा दासरी,” मी वाचलं, “वय चाळीस. आमच्या मागची गल्ली. ती म्हणाली : ‘माझ्या कलावतीची बोटं फार चालायची. आठव्या वर्षी पाचशे विड्या. बाप म्हणाला, शाळा बंद, हिला सुपावर बसवू. मी खूप रडले, तो ऐकेना. एके दिवशी तवा तापवला, पोरीचा उजवा हात धरला आणि टेकवला. सगळ्यांना सांगितलं, पोर तव्यावर पडली. बोटं आखडली. विडीची बोटं गेली, पोर शाळेत राहिली.’ तारीख, आणि खाली सही, राजमणी येमूल.”

मी वही मिटली. टाळी कुणी वाजवली नाही. सरांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि ते मागच्या दारानं निघून गेले. वार्ताहर माझ्याकडं धावले. एकानं वही मागितली, मी पान उघडून धरलं आणि तो भराभरा उतरवून घ्यायला लागला.

दिवे लागायच्या वेळेला मी घरी पोचले. अक्का भिंतीला टेकून विड्यांच्या जुड्या बांधत होती. मी तिच्यापुढं बसले.

“अक्का, आज फेडलं सगळं. सगळ्यांच्या देखत.”

तिनं आधी ऐकून घेतलं. तिच्या हातातला दोरा थांबला.

“कुठनं वाचलंस?”

“तुझ्या वहीतनं.”

“ट्रंक उघडलीस?”

“अगं, तो उठून पळाला, अक्का! पांढरा पडला होता.”

“कुठलं पान?”

मी सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“नाव वाचलंस? बालव्वाचं?”

“वाचणारच. त्याशिवाय सिद्ध कसं होणार?”

अक्कानं दोरा गुंडाळून ठेवला. मग तिनं एक प्रश्न विचारला, अगदी साध्या आवाजात.

“तुला काय वाटलं गं, मी भ्याले होते?”

मी पिशवीतनं वही काढून तिच्यापुढं ठेवली.

“ही वही घेऊन मी त्याच महिन्यात प्राचार्यांच्या दारात जाऊन बसले असते. त्याची नोकरी गेली असती. पण वही दाखवायची म्हणजे नावं दाखवायची. त्या बाईनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता, कलावतीला हे कधी कळता कामा नये म्हणून. त्रेचाळीस बायका आहेत त्यात. कुणी काय सांगितलंय तुला ठाऊक नाही. त्या हरामखोरानं माझं सगळं चोरलं, पण नावं बदलली. तेवढं त्याला कळलं. तुला नाही कळलं.”

अम्मा चुलीपाशी होती. तिनं आमच्याकडं वळून पाहिलं आणि पुन्हा पाठ केली. मला सरांचं ‘थांब, हे वाचू नको’ आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छापून आलं. चौकटीत, नावासकट.

कलावती दासरी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. फळ्यावर डाव्या हातानं लिहायची. अक्का सकाळीच बालव्वाकडं गेली होती, पण तिनं दार उघडलं नाही म्हणून परत आली होती. नऊच्या सुमाराला कलावतीच आमच्याकडं आली. हातात वर्तमानपत्र, खांद्याला शाळेची पिशवी. ती अक्काशी बोलली नाही. माझ्यापुढं उभी राहिली.

“तूच ना वाचलंस?”

“कलावतीअक्का, मला माहीत नव्हतं...”

“तव्यावर पडले,” ती म्हणाली. “सत्तावीस वर्षं सांगतीय मी. बघायला आलेल्यांना सांगितलं. वर्गात पोरं विचारतात, त्यांनाही सांगते, खेळताना पडले, तुम्ही चुलीजवळ खेळू नका. काल रात्रीपर्यंत माझी आई मला जेवायला वाढत होती. आज ती भिंतीकडं तोंड करून बसलीय आणि मला तिच्या जवळ जाववत नाही. तिनं केलं म्हणून मी शाळा शिकले, हे कळतंय मला. तरी जाववत नाही.”

मी तिचे पाय धरायला वाकले. ती मागं सरकली.

“तुझा सूड झाला ना घेऊन? बरं झालं. आता मला सांग, मी कुणावर घेऊ? आईवर, का तुझ्यावर?”

 शाळेची वेळ झाली होती. ती गेली.

पंधरा दिवसांनी कॉलेजचं पत्र आलं. तीनजणांची समिती नेमली होती. माझ्या आरोपाच्या पुष्टीसाठी मूळ वही सादर करावी, सादर केलेली कागदपत्रं दप्तरी जमा होतील, असं त्यात होतं. वार्ताहरानं एकच पान उतरवलं होतं, आणि पेपरात आलेलं समितीला पुरावा म्हणून चालणार नव्हतं. वहीशिवाय माझं बोलणं वाऱ्यावरचं.

अक्कानं ट्रंकेतून वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“आता तू ठरव,” ती म्हणाली. “मी सांगणार नाही.”

“तुझी आहे ना?”

“माझी असती तर इतकी वर्षं ट्रंकेत पडली नसती.”

नंतरचे चार दिवस मी वाईट काढले. कलावतीचे शब्द कानात होते, तरी मला ती वही द्यायची होती. अगदी मनापासून द्यायची होती. एक नाव तर फुटलंच आहे, आता बाकीच्यांनी काय बिघडतंय, असा हिशेबही मी करून पाहिला. पानांवर कागद चिकटवून नावं झाकायचीही कल्पना काढली. पण समितीतल्या एका बाईंनी निरोप पाठवला, खाडाखोड केलेली वही चालणार नाही. मग मी वही पहिल्यापासून वाचली. चोरी शोधायला नव्हे, नुसती वाचली. एकीनं नवऱ्याच्या आजाराचं सांगितलं होतं. एकीनं जन्मताच गेलेल्या मुलीचं, ती कशी गेली ते. चेकरनं कारखान्याच्या मागच्या खोलीत काय मागितलं, ते तिघींनी सांगितलं होतं, त्यांतल्या एकीची नात माझ्या वर्गात होती. शेवटचं पान मिटलं तेव्हा मला कळलं की हे मी देऊ शकत नाही. त्या माणसाला मातीत घालायचं तर आधी या त्रेचाळीसजणींना त्याच्याखाली पसरावं लागत होतं.

समितीपुढं सर माझ्या समोरच्या खुर्चीत बसले होते. तेवढ्या दिवसांत वाळले होते.

“वही आणलीत?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही.”

“हरवली?”

“नाही. घरी आहे. देणार नाही.”

“म्हणजे आरोप मागं घेताय?”

“आरोप खरा आहे. शब्दन् शब्द. पण वही देणार नाही.”

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्या बाई म्हणाल्या, “कारण?”

“कारण सरांना माहीत आहे,” मी म्हणाले. “त्यांना विचारा.”

सरांना विचारलं. सर टेबलाकडं बघत राहिले. त्यांनी कबूल केलं नाही, नाकारलंही नाही. एक शब्द बोलले असते तर सगळं मिटलं असतं. ते बोलले नाहीत. अध्यक्षांनी लिहून घेतलं, पुराव्याअभावी.

मी बाहेर आले तर जिन्याच्या खाली अक्का उभी. पुस्तक आल्यापासून तिनं त्या आवारात पाय ठेवला नव्हता. इस्त्रीची साडी नेसली होती.  तिनं माझ्या रिकाम्या हातांकडं पाहिलं, तिला कळलं.

मागून सर उतरत होते. तिला पाहून ते मधल्या पायरीवर थांबले.

“राजमणी,” ते म्हणाले. “मी तुला लिहिणार होतो...”

“लिहू नका, सर,” अक्का म्हणाली. “तुम्ही लिहिलेलं एकदा वाचलंय.”

त्यांनी कठडा धरला. अक्का दोन पायऱ्या चढून त्यांच्यासमोर गेली. तिचा आवाज चढला नाही, पण जिन्यावरची पोरं थांबली.

“आज तुम्ही सुटलात. पुराव्याअभावी म्हणे. पुरावा माझ्या घरात आहे आणि तो कायम तिथं राहील. आमच्या बायकांच्या अब्रूच्या आड लपून तुम्ही सुटलात, एवढं विसरू नका. पेन्शन घ्याल, सकाळी फिरायला जाल, लोक नमस्कार करतील. प्रत्येक नमस्काराला आठवा, हा मला विडीवाल्या बायांनी दिलाय. आणि आता यावर जगा.”

ती वळली. मी तिच्या मागं गेले.  

सर त्यानंतर सोळा वर्षं जगले. त्यांनी पुढं काही लिहिलं नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती प्रकाशक दोनदा काढायला निघाला, दोन्ही वेळा त्यांनी नको म्हणून कळवलं. मला ते गेल्याचं कळलं तेव्हा वाईट वाटलं नाही. त्यांनी त्या टेबलापाशी एक शब्द बोलायला हवा होता, हे मला आजही सलतं, आणि सलत राहो.

मी एम.ए. दुसऱ्या गावी जाऊन पुरं केलं आणि समाजशास्त्रच शिकवायला लागले. अक्का पन्नाशीला आली तेव्हा तिनं विड्या सोडल्या. बालव्वा त्या सत्कारानंतर चार वर्षांनी गेली. शेवटच्या दुखण्यात कलावती तिच्यापाशी होती, असं अम्मानं सांगितलं. डाव्या हातानं पेज भरवायची. दोघी काय बोलल्या असतील, ते कुणाला ठाऊक नाही, आणि या खेपेला मी कुणाला विचारलंही नाही.

कलावती माझ्याशी आजही बोलत नाही. बाजारात समोरून आली तर मी बाजूला होते, ती पुढं निघून जाते.